वाचकांचे प्रश्न : हौदात नाहीसा झालेला रंग गटारीत परत का येतो?

प्रश्न : वडगावात (बेळगाव) आमचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे. रोज ५,००० लिटर पाणी निघतं. बंद हौदात गोबर गॅसची स्लरी घातली की लाल-नारिंगी पाणी दोन दिवसांत फिकं होतं, पण गटारीला लागताच तपकिरी पडतं. शिवाय सडक्या अंड्यांचा वास येतो. काय चुकतंय?

उत्तर : निम्मंच काम झालंय, आणि घातक भाग राहिलाय. तुमचे लाल-नारिंगी, धाग्याशी रासायनिक जोड धरणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बहुतेक अ‍ॅझो प्रकारचे. त्यांच्या रेणूतली नायट्रोजनची जोडी जीवाणू हवा नसताना तोडतात. रंग जातो, पण अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स (नायट्रोजन असलेली सेंद्रिय रसायनं) उरतात. त्यांतली काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात. हवा लागली की त्यांतलीच काही तपकिरी होतात. हे पाणी बाहेर सोडू नका.

घरच्या घरी तपासा : फिकं पाणी काचेच्या बाटलीत अर्धं भरा, हलवा, रात्रभर उघडं ठेवा. तपकिरी झालं तर अमाइन्स. मूळचाच रंग परतला तर तो व्हॅट रंग असावा. तो तुटलेला नसतो, नुसता क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) होऊन फिका पडलेला असतो.

म्हणून दुसरा, हवेचा हौद हवाच. त्यात ब्लोअरने २४ तास हवा द्या, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. मग दोन तास गाळ बसू द्या. पहिल्या हौदात मात्र हवा अजिबात नको. ऑक्सिजन असला की जीवाणू तोच वापरतात, रंगाकडे वळत नाहीत.

वासाचं मूळ बहुधा ग्लॉबर मिठात (रंगाईत वापरतात ते सोडियम सल्फेट) आहे. त्यातल्या सल्फेटचा जीवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. रंगवताना साधं मीठ वापरून पाहा. पाण्याचा पीएच १०-११ वरून ७-७.५ वर आणायला सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालत असाल तर तेही सल्फेटच. त्याऐवजी पातळ हायड्रोक्लोरिक थोडं थोडं घाला. हौदात वाकू नका, उतरू तर मुळीच नका. हा वायू वाढला की नाकाला वास कळेनासा होतो, तेव्हाच जिवाला धोका असतो.

पहिल्या हौदाची सुरुवात ५०० लिटर स्लरीने करा. पहिल्यांदा रंगाचं पाणी एक भाग, साधं नऊ भाग. रंग पुरता गेल्यावरच दर तीन-चार दिवसांनी प्रमाण वाढवा. घाई केली की जीवाणू मरतात. महिना-दीड महिना धरा. खाद्य म्हणून हजार लिटरला अर्धा ते एक किलो गुऱ्हाळातला काळा गूळ पुरतो. ब्लीचिंगचं पाणी वेगळं काढा, क्लोरीन आणि पेरॉक्साइड जीवाणूंना मारतात. गरम पाणी ४० अंशांखाली निवल्याशिवाय सोडू नका. डिसेंबर-जानेवारीत हौद झाकून ठेवा, थंडीत काम मंदावतं.

मीठ मात्र जीवाणू काढत नाहीत. रंगाईचं पहिलं, सर्वांत खारट पाणी वेगळं साठवा. पण उघड्या वाफ्यात सुकवायचा बेत बेळगावच्या पावसाळ्यात फसतो.

प्रश्न : फिरोजी निळा मात्र हलत नाही. जास्त स्लरी घालू का?

उत्तर : नको. फिरोजी बहुधा तांब्याचा थॅलोसायनिन (मधोमध तांबं धरलेला मोठा रेणू) असतो, त्यात अ‍ॅझो जोडीच नाही. तो तुटत नाही, गाळाला चिकटतो, आणि तांबं गाळात येतं. तो गाळ शेतात टाकू नका. घातक कचरा म्हणून परवानाधारकाकडेच द्या. फिरोजीचं पाणी वेगळं काढून तुरटी-चुन्याने बसवून पाहा, आधी एक-दोन लिटरवर मात्रा ठरवा.