रॅप नुकताच शिकू लागलेल्यांसाठी

रॅपची सुरुवात शब्दांपासून नव्हे, तालापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मिनिटाला 85 ते 90 ठोक्यांचा साधा बीट लावा, चार-चार मात्रा मोजा, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा (कडक, तडतडीत आवाजाच्या ड्रमचा) आघात कानात पक्का बसल्यावरच, ओळीतला महत्त्वाचा शब्द त्या आघातावर पडेल अशा रीतीने चार ओळी म्हणून पाहा. सोळा बारचे (एक बार म्हणजे चार मात्रा) कडवे नंतर जमेल.

नवोदितांची सर्वांत मोठी चूक यमकात होते. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपत असल्यामुळे ‘करतो, फिरतो, ठरतो’ अशी यमके फुकट मिळतात आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणारा कंटाळतो. क्रियापद ओळीच्या मध्ये आणून शेवटी नाम ठेवलेत, तर यमक अनपेक्षित आणि अर्थपूर्ण होते. याचा सराव मात्र वेळखाऊ आहे, हे मान्य करायला हवे.

दुसरी चूक वेगाची, म्हणजे दम न सांभाळता भरभर म्हणण्याची. ती टाळण्यासाठी आणि एकूण सरावासाठी एवढे करा:

- श्वासाच्या जागा कागदावर खुणेने ठरवा. दम लागत असेल, तर अक्षरे कमी करा.
- मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले दुसऱ्या दिवशी ऐका.
- दुसऱ्याची लकब उचलू नका. तुम्ही सोलापूरचे असाल, तर सोलापुरी बोलीतच लिहा.

महागडा माइक आणि दुप्पट वेगाची फेक हे विषय सध्या बाजूलाच राहू द्या.