नव्या प्रॉडक्शन हेडचा पर्सनल ब्रँड: लिंक्डइन नंतर, आधी थर्ड शिफ्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या मशीनिंग प्लँटमध्ये बाहेरून प्रॉडक्शन हेड म्हणून रुजू होताय, तिन्ही शिफ्ट मिळून दीडशेच्या आसपास माणसं, आणि एचआरनं 'पहिल्या तीन महिन्यांत स्वतःचा पर्सनल ब्रँड तयार करा' असं सांगितलंय. सुरुवात लिंक्डइनपासून करू का?

लिंक्डइन शेवटी. प्रोफाइलवर पद बदला, जुन्या कंपनीवर टीका करणारी एखादी पोस्ट असेल तर काढून टाका, आणि तीन महिने तिकडे वळू नका. शॉपफ्लोअरवर तुमचा ब्रँड म्हणजे तुमच्या पाठीमागे कँटीनमध्ये बोललं जाणारं एक वाक्य. 'साहेबांना खरं सांगितलं तर चालतं' किंवा 'साहेब नुसतं बघतो बघतो म्हणतात.' हे वाक्य पहिल्या काही आठवड्यांतच पक्कं होतं आणि नंतर पुसायला फार जड जातं. म्हणून ते कोणतं असावं हे रुजू होण्याआधी ठरवा.

ते मनानं ठरवू नका. प्लँट हेडना एकच प्रश्न विचारा: 'सहा महिन्यांनी काय बघितल्यावर तुम्हाला वाटेल की माणूस बरोबर निवडला?' मागच्या सहा महिन्यांचे तीन आकडे मागा: वेळेवर गेलेलं डिस्पॅच, कस्टमर कंप्लेंट आणि गैरहजेरी. यातून दोन गोष्टी निवडा, तिसरी नको. उदाहरणार्थ, 'कबूल केलेलं डिस्पॅच चुकत नाही' आणि 'वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला बोलणी बसत नाहीत'. या दोन्ही एकमेकींना धरून आहेत. वाईट बातमी उशिरा आली की डिस्पॅच चुकतंच.

पहिल्या दिवशी भाषण तीन मिनिटांचं, पण तिन्ही शिफ्टना. फर्स्ट शिफ्टला बोलून थर्डला 'निरोप द्या' म्हणालात तर थर्ड शिफ्टला तिची किंमत तिथेच कळते. मराठीत बोला आणि तेच हिंदीत सांगा, कारण कंत्राटी मुलांपैकी बरीच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली असतात. स्वतः कोणत्या मशीनवर काम केलंय, फ्लोअरवर रोज किती वाजता असणार, अडचण असेल तर कुठे गाठायचं, एवढंच सांगा. बदलांची घोषणा नको. 'आमच्या आधीच्या कंपनीत' हे शब्द पहिला महिनाभर तोंडातून काढायचे नाहीत, कितीही योग्य उदाहरण आठवलं तरी. ऐकणाऱ्याला त्यातून 'तुम्हाला काही येत नाही' एवढंच ऐकू येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत वीस-पंचवीस जणांशी प्रत्येकी वीस मिनिटं बसा: सगळे सुपरवायझर, मेंटेनन्स, क्वालिटी, टूलरूम, स्टोअर, डिस्पॅच, कंत्राटदाराचा माणूस, आणि एचआरला कल्पना देऊन युनियनचे पदाधिकारी. सगळ्यांना तेच तीन प्रश्न. इथलं काय बदलू नये? कोणती मागणी कित्येक महिने अडकून पडलीय? मी स्वतःच्या डोळ्यांनी काय बघायला हवं? सगळ्यात कामाची उत्तरं दुसऱ्या प्रश्नाची असतात: पाण्याचा कूलर, ट्रॉलीची मोडकी चाकं, वास मारणारा कूलंट (मशीनिंग करताना थंडाव्यासाठी सोडायचं द्रव), दोन लाइनना मिळून असलेला एकच गेज (माप तपासायचं साधन). यातली पंधरा दिवसांत होतील अशी तीन कामं उचला, पूर्ण करा आणि मागणी करणाऱ्याचं नाव घेऊन मीटिंगमध्ये सांगा. तुमची ओळख करून द्यायला याहून चांगलं काही नाही. मोठा लीन प्रोजेक्ट (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची मोहीम) जाहीर करण्यापेक्षा ट्रॉलीची चाकं बदला. चाकं तिन्ही शिफ्टला दिसतात.

शब्द पाळण्यासाठी एक साधी वही ठेवा. चार रकाने: कोणी मागितलं, काय, कधीपर्यंत सांगायचं, काय सांगितलं. 'बघतो' हा शब्द बंद करा. 'गुरुवारची साप्ताहिक सुट्टी झाली की शुक्रवारी दुपारपर्यंत सांगतो' असं म्हणा आणि शुक्रवारी दुपारी जाऊन सांगा, उत्तर 'नाही' असलं तरी कारणासकट. पर्मनंट करणं, पगार, ओव्हरटाइमचे दर, बढती यावर एकट्यानं शब्द देऊ नका. नवा हेड लोकप्रिय व्हायच्या घाईत नेमका इथेच अडकतो, आणि पुढे दिवाळीच्या बोनसच्या वेळी त्याचा शब्द त्याच्यासमोर येतो.

खरी परीक्षा रात्री होते. समजा थर्ड शिफ्टला अडीच वाजता पार्टमधले बोअर (आत कोरलेली भोकं) ओव्हरसाइज, म्हणजे मापापेक्षा मोठे निघाले. सायकल टाइम (एक पार्ट तयार व्हायचा वेळ) 90 सेकंदांचा आणि तपासणी तासाला एकदा, म्हणजे शेवटच्या ओके पार्टनंतरचे सुमारे 40 पार्ट संशयित. सुपरवायझरनं मशीन थांबवून तुम्हाला फोन केला. तुमचा पहिला प्रश्न 'कोणी केलं?' असा असेल, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही आणि ते 40 पार्ट गुपचूप ओके मालात मिसळतील. पहिला प्रश्न विचारा: 'शेवटचा ओके पार्ट कोणता, आणि त्यानंतरचा माल लाल टॅग लावून वेगळा ठेवला का?' मग शंभर टक्के तपासणीला किती वेळ लागेल आणि सकाळच्या गाडीवर काय परिणाम होईल. 'फोन केलात ते बरं केलंत' एवढं म्हणून फोन ठेवा.

कारण सकाळी, मशीनपाशी उभं राहून शोधा. अशा वेळी बऱ्याचदा हेच निघतं: इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजत जातो तसा बोअर लहान होतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट (झीज भरून काढायला मशीनमध्ये भरायचा आकडा) वाढवत नेतो. नंतर नवा इन्सर्ट बसवला, पण वाढवलेला ऑफसेट तसाच राहिला, की बोअर मोठा. मग पुढचे प्रश्न. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट शून्य करायची पायरी कामाच्या सूचनांच्या शीटवर आहे का? पहिला पार्ट का मोजला नाही? गेज क्वालिटीच्या कपाटात आणि किल्ली जनरल शिफ्टच्या माणसाकडे, असं तर नाही ना? किल्लीचा बंदोबस्त त्याच दिवशी करा. मीटिंगमध्ये मशीन थांबवणाऱ्याचं नाव घेऊन आभार माना. दुपारपर्यंत ही गोष्ट प्लँटभर झालेली असते, आणि पोस्टर लावून जे साधत नाही ते यातून साधतं. मात्र हीच चूक शीट दुरुस्त झाल्यावर, समजावून सांगितल्यावर पुन्हा झाली, तर कडक व्हायलाच हवं. नाहीतर काळजीनं काम करणाऱ्यांना वाटतं की इथे सगळं खपतं.

आता वरच्या बाजूचं. प्लँट हेडना दर बुधवारी संध्याकाळी पाच ओळी लिहा: डिस्पॅच, क्वालिटी, माणसं, त्यांच्याकडून हवा असलेला एक निर्णय, आणि एक वाईट बातमी. काम ज्यानं केलं त्याचं नाव तिथेच लिहा. वाईट बातमीची ओळ कधीही रिकामी ठेवू नका. ती सतत रिकामी राहिली की बाकीच्या चार ओळींवरचाही विश्वास उडतो. सकाळची मीटिंग उभ्यानं, पंधरा मिनिटांत, आणि दोघे आले नसले तरी ठरल्या वेळी सुरू.

एक नाजूक बाब. तुमच्या खुर्चीवर ज्याचा हक्क होता असं सगळ्यांना वाटतं, असा एक ज्येष्ठ माणूस तिथे असणारच. पहिल्याच आठवड्यात त्याच्याशी एकट्याशी बोला आणि विषय टाळू नका. 'तुम्हाला हे पद मिळेल असं वाटत होतं, ते मला माहीत आहे' असं सरळ म्हणा. त्याला स्वतंत्र, वजनदार काम द्या आणि त्याचं प्रेझेंटेशन प्लँट हेडसमोर त्यालाच करू द्या. पण लगेच 'हे माझे उजवे हात' असं चारचौघांत जाहीर करू नका. बाकीचे सुपरवायझर तिथेच तुटतात. खंडेनवमीला मशीनची पूजा होत असेल तर नारळ फोडायचा मान तिथल्या जुन्या ऑपरेटरला द्या.

लिंक्डइन चौथ्या महिन्यापासून, महिन्याला एक पोस्ट पुरे. पद्धतीबद्दल लिहा: शिफ्ट बदलताना हँडओव्हर कसा घ्यावा, तासाची तपासणी नेमकी कशी चुकते. पार्ट, ड्रॉइंग, लाइन, कस्टमरचं नाव यांतलं काही फोटोत येऊ देऊ नका; गोपनीयतेच्या करारावरून प्रकरण अंगाशी येतं. टीमचा फोटो टाकायचा तर त्यांना विचारून आणि कंपनीची परवानगी घेऊन.

जमतंय की नाही ते कसं ओळखायचं? 'माझ्याबद्दल काय बोलतात?' असं विचारलं तर गोडच उत्तर मिळेल. साठाव्या दिवसाच्या आसपास पाच जणांना विचारा, 'मी कोणती एक गोष्ट थांबवू?' आणि वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात येते ते टिपत जा. फर्स्ट शिफ्टची अर्ध्या तासात आणि थर्डची सकाळच्या मीटिंगमध्ये कळत असेल, तर पुढचे दोन आठवडे, आठवड्यातून एकदा रात्री दोनला फ्लोअरवर जा. तपासायला आल्यासारखं नको. वही बरोबर घ्या आणि तेच तीन प्रश्न विचारा.