परदेशातली नोकरी : करारातील मूळ वेतनाकडे लक्ष द्या

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नववीपर्यंत शिकला असून अक्कलकोट रोडवरील एका यंत्रमाग कारखान्यात वायरमन आहे. ओळखीतल्या एजंटाने त्याला दुबईत दरमहा १,८०० दिरहमची नोकरी सांगितली आहे; करारात मात्र मूळ वेतन ९०० आणि बाकीचे भत्ते असे लिहिले आहे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिकडे करू’ असे सांगून तो ७५,००० रुपये आणि मूळ पासपोर्ट मागतो. पैसे भरावेत का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, या अटींवर एक रुपयाही भरू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे आणि पकडले गेल्यास दंड व परत पाठवणी भावाच्याच वाट्याला येईल. दहावी उत्तीर्ण नसल्याने त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक) असा उल्लेख असणार. अशा कामगाराला संयुक्त अरब अमिरातीसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. व्हिजिट व्हिसाचा आग्रह बहुधा हीच परवानगी टाळण्यासाठी धरला जातो.

एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, तेही पावती देऊनच. पासपोर्टची सध्या छायाप्रत पुरे.

आता वेतनाविषयी, कारण फसगत बहुतेकदा इथेच होते आणि ती ध्यानात येईपर्यंत दोन-तीन वर्षे निघून गेलेली असतात. तिथल्या कायद्याप्रमाणे वर्षभर नोकरी झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके उपदान (ग्रॅच्युइटी, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) मिळते. मूळ वेतन ९०० असेल, तर वर्षाचे उपदान ६३० दिरहम होते. तेच १,८०० असते, तर १,२६० झाले असते. जादा कामाचा मोबदलाही मूळ वेतनावर किमान २५ टक्के वाढ धरून काढतात. म्हणून मूळ वेतन वाढवून मागा, आणि ते जमत नसेल तर निदान राहण्याची सोय कंपनीची की त्याच भत्त्यातून करायची, हे लेखी घ्या. कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८, तर परिवीक्षा काळ (प्रोबेशन) सहा महिन्यांपर्यंतच असू शकतो. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास आणि त्याचा पासपोर्ट काढून घेण्यास मालकाला तिथे मनाई आहे.

एजंट कामाचा व्हिसा आणि कंपनीचे नियुक्तिपत्र आधी देण्यास तयार झाला, तर भावाला समजेल अशा भाषेत ते कोणाकडून तरी ओळीओळीने वाचून घ्या आणि मगच सही करू द्या. तिथे होणारा करार या पत्राशी जुळायला हवा, म्हणून सही केलेली एक प्रत तुमच्याकडे घरी ठेवा.