बेसमेंट आधी की घर आधी?

प्रश्न: नमस्कार, आम्ही मिशिगनमध्ये प्लॉट घेतलाय, मॉड्युलर घर करतोय, दोन मॉड्यूल फॅक्टरीतून ट्रकवर येणार आणि खाली फुल बेसमेंट. फॅक्टरीची ड्रॉइंग्ज अजून फायनल नाहीत पण इथला काँट्रॅक्टर म्हणतो थंडीच्या आत खोदून भिंती ओतून बाहेरून माती भरून टाकू, घर येईल स्प्रिंगमध्ये. सासू-सासरे पुण्याहून येतात तेव्हा त्यांची खोली बेसमेंटमध्येच करायची म्हणतोय. करू का सुरू?

उत्तर: नका करू हो. ड्रॉइंग हातात आल्याशिवाय खोदायचं मशीन प्लॉटवर येऊच देऊ नका. दोन मॉड्यूल जिथे जुळतात त्या मॅरेज लाइनखाली बीम आणि स्टीलचे खांब लागतात, खांब कुठे येणार ते फॅक्टरीचा इंजिनिअर ठरवतो, कारण वर ओपन किचन-लिव्हिंग असेल तर त्या ओपनिंगचा सगळा लोड दोन टोकांना उतरतो आणि बरोबर तिथेच खाली फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) हवं, नाहीतर बेसमेंटचा तळाचा स्लॅब झाल्यावर फोडत बसा. जिन्यासाठी फ्लोअरमधली जागा पण फॅक्टरीतच सोडतात, ऑर्डर देतानाच सांगा. आणि भिंती काटकोनात नाहीत हे क्रेनला मॉड्यूल लटकत असताना कळलं तर क्रेनचं भाडं कोण भरणार?

माती भरायची घाई तर सगळ्यात वाईट. बेसमेंटच्या भिंतीला वरून आधार घराच्या फ्लोअरचा असतो, तो नसताना माती भरली की ओल्या मातीच्या दाबाने भिंत आत कलते, तडे जातात, भरायचीच तर आतून पक्कं ब्रेसिंग (भिंतीला टेकू) हवं. शिवाय मिशिगनमध्ये फ्रॉस्टसाठी, म्हणजे थंडीत गोठणाऱ्या थराखाली जायला, फुटिंग 42 इंच खोल नेतात ते ठीक, पण वर घर नसलेल्या उघड्या खड्ड्यात थंडी आतल्या बाजूनेच फुटिंगखाली शिरते आणि जमीन गोठून फुगते. स्प्रिंगमध्येच खोदा ना सरळ, फॅक्टरीत घर बनतंय तेवढ्यात भिंती होतात.

सासू-सासऱ्यांना मी तरी वरचीच खोली देईन, गुडघ्यांचा विचार करा जरा. खालीच करायची तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते, साधारण 5.7 चौरस फूट मोकळी, तळ खोलीच्या फरशीपासून 44 इंचांच्या वर नको, आणि तिची जागा भिंत ओततानाच सोडायची. राहायला गेल्यावर रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट करा, लिटरमागे 4 पिकोक्युरीला पोचलं तर तो बाहेर काढायला पाइप-फॅन बसवावा लागेल. संप पंपाला (बेसमेंटखाली साठणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) बॅटरी बॅकअप घ्याच, लाइट जाते ती नेमकी वादळात.

आणि हो, घर बसल्यावर खालचं प्लंबिंग, इलेक्ट्रिक जोडणार कोण, फॅक्टरी की तुमचा काँट्रॅक्टर, हे सही करायच्या आधी लेखी घ्या, दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.