मानसोपचारातली नर्स व्हायचंय, म्हणून पहिल्याच पदवीला साडेसात लाख?

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

जुलै २०२४. करमाळा तालुक्यातून वडील आणि बारावी झालेली त्यांची मुलगी माझ्याकडे आले. वडिलांच्या हातातल्या कॅरीबॅगेत सातबारा, गुणपत्रिका आणि परराज्यातल्या एका नर्सिंग कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. एजंटाने त्याच्या कोपऱ्यात पेनने लिहून दिलं होतं : 'चार वर्षं, साडेसात लाख, मानसोपचारात हमखास करिअर.' पाच दिवसांत पन्नास हजार भरायचे होते. दीड एकर गहाण टाकायची, हे वडिलांनी घरूनच ठरवलेलं.

"मॅडम, पोरीला अमेरिकेतल्यासारखी सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय. स्वस्तातल्या कॉलेजात घातली आन् पुढं कुणी विचारलंच नाही तर?"

ही धास्ती मी दर प्रवेशाच्या हंगामात ऐकते. (सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे मानसोपचारात पुढचं शिक्षण घेऊन औषधंही लिहू शकणारी नर्स.) पण पैशांचं बोलण्याआधी मी मुलीला विचारलं, हेच का?

तिची आत्या काही महिने येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात होती. आत्या गोळी जिभेखाली धरायची आणि सगळे गेले की पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. एकदा ही भेटायला गेली असताना सिस्टरच्या नजरेला ती गाठ पडली. सिस्टर रागावल्या नाहीत. कॉटवर शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "गोळीनं काय होतं ते मला सांगा की." आत्या म्हणाली, "हात जड होतात, भाकरी थापता यायची नाही." घरच्यांना हे तोवर ठाऊकच नव्हतं. पोर सांगत होती तेव्हा वडील खाली बघत होते.

एवढं ऐकल्यावर या मुलीला नर्सिंगला का जायचंय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. प्रश्न फक्त वाटेचा होता.

मी त्यांना सांगितलं ते असं. पहिली पदवी मानसोपचाराची नसतेच. बी.एस्सी. नर्सिंग कुठूनही करा, चार वर्षांत सगळंच शिकावं लागतं, आणि मानसिक आरोग्य परिचर्या हा विषय तिसऱ्या वर्षी सगळ्यांनाच असतो. खरं विशेषीकरण त्यानंतर : एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका किंवा दोन वर्षांचं एम.एस्सी. एम.एस्सी.ला बी.एस्सी.त ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. बंगळुरूचं निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था या मानसोपचार शिकवणाऱ्या सरकारी संस्था आहेत. तिथं पोचायला पहिलं कॉलेज महागडं असावं लागत नाही. एजंटाने ज्या शब्दांवर साडेसात लाख मागितले, ते शब्द पदवीच्या कागदावर येणारच नव्हते.

अमेरिकेचं स्वप्नही मी मोडीत काढलं नाही, फक्त उलगडून दाखवलं. तिथं आधी एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स व्हायचं, मग मानसोपचारात मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग प्रमाणपत्र परीक्षा आणि राज्याचा परवाना. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय औषध लिहिता येतं की नाही, हे राज्यागणिक बदलतं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेची वेगळी व्याख्या आहे, पण औषध डॉक्टरच लिहितात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मात्र अशा नर्सची जागा असते. आणि बाहेर जायचंच ठरलं, तर तिथं कॉलेजची इमारत कुणी बघत नाही. मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या प्रत्येक विभागात तुम्ही शिकलात आणि प्रत्यक्ष काम केलंत का, हे तपासतात. म्हणून पोस्टिंगच्या, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून जपून ठेवायच्या.

स्वस्त म्हणजे कसलंही चालेल असं मात्र नाही. भारतीय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदांच्याच यादीत बघायचं, माहितीपत्रकात नव्हे. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का, आणि तिथं खाटांवर पेशंट असतात का, तेही बघायचं. मी तर पालकांना सांगते, ऑफिसात बसू नका, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि विचारा, "सायकियाट्रीचं पोस्टिंग कुठं झालं, किती दिवस?" उत्तर द्यायला त्या घुटमळल्या, तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

पोरीने नर्सिंगची सीईटी दिलेली होती. मार्क बेताचेच, म्हणून घरच्यांनी ती वाट सोडून दिली होती. त्याच महिन्यात राज्य सरकारचा निर्णय आला होता : कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. वडिलांना मी तिथूनच तहसील कचेरीत पाठवलं. "भाऊ, सातबारा परत पेटीत ठेवा. आधी उत्पन्नाचा दाखला काढा." नंबर लागलाच नसता, तर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा रस्ता होताच. तोही पुढे एम.एस्सी.लाच जातो.

शेवटच्या फेरीत जिल्ह्याबाहेरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं हा खर्च घरचाच, आणि तो काही थोडा नाही. पण जमीन राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली तेव्हा जरा हिरमुसली होती. "मॅडम, मनाचं अजून काहीच नाही. चादर घालायची कशी, पेशंटला कुशीवर वळवायचं कसं, एवढंच."

मग तिने घरचं सांगितलं. आत्याला न्हाऊ घालून वेणी घालताना तिला दिसलं, आत्याचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतानाही थरथरतोय आणि चालताना पाय घासत पडतोय. तिने चार दिवस वहीत वेळ लिहून ठेवली, थरथर कधी वाढते, कधी थांबते. वही घेऊन वडिलांबरोबर डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी वही वाचली, आत्याला दोन-तीनदा चालायला लावलं आणि गोळी बदलून दिली.

"आता भाकरी थापते मॅडम," ती म्हणाली. "जाड होतात, पण थापते."