ती देवी कादंबरीतली होती

‘माझी श्रद्धा गोष्टीच्या पुस्तकातून आलीय. मग मी स्वतःलाच फसवतेय का?’

शब्द थोडे इकडेतिकडे होतात, प्रश्न हाच असतो. ब्रिस्टॉलमध्ये मी अठरा वर्षं समुपदेशन करतेय. पेगन लोकांचं तीर्थक्षेत्रच म्हणावं असं ग्लास्टनबरी गाव इथून तासाभरावर, त्यामुळे माझ्याकडे पेगन मंडळी बऱ्यापैकी येतात. पेगन म्हणजे निसर्ग, ऋतुचक्र आणि ख्रिस्ती धर्माच्या आधीचे देवदेवता मानणारे लोक. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी धर्माच्या रकान्यात ‘पेगन’ लिहिलं. २०११ मध्ये हा आकडा ५७ हजारांच्या आसपास होता. यातल्या कितीतरी जणांना जंगल पहिल्यांदा ‘जिवंत’ भेटलं ते खऱ्या जंगलात नव्हे, फँटसी कादंबरीत. पन्नाशीचे एक गृहस्थ तर ओशाळून म्हणाले होते, ‘माझी झाडांवरची भक्ती लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टोल्किनमुळे, आणि तो पडला कट्टर कॅथलिक!’

आज सांगतेय ती मेगनची गोष्ट. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला तिची संमती आहे.

मेगन छत्तीस वर्षांची, वृद्धाश्रमात काम करणारी. ऑक्टोबरच्या मध्याला पहिल्यांदा आली. आई जूनमध्ये गेली होती. पेगन लोकांचा साविन हा सण, ३१ ऑक्टोबरचा, तोंडावर आला होता. गेलेल्यांची आठवण काढायचा हा दिवस. काही घरांत त्या रात्री न बोलता जेवतात आणि मृतांसाठी एक पान वाढून ठेवतात. (आपल्या पितृपक्षाची आठवण मला झाली, पण मी गप्प बसले. प्रत्येक ठिकाणी ‘आमच्यातही असंच असतं’ म्हणायची खोड मी प्रयत्नपूर्वक घालवली आहे.)

‘मला यंदा ते पान वाढता येणार नाही,’ ती म्हणाली. ‘मी आईशी खोटं वागले.’

झालं होतं ते असं. हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेतात तिथे, शेवटच्या रात्री आईचा हात हातात धरून तिला काहीतरी म्हणायचं होतं. पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना ऐन वेळी पसार झाल्या. तोंडून आल्या त्या लहानपणी ओळखीच्या झालेल्या एका फँटसी कादंबरीतल्या ओळी. त्यात नदी ओलांडून देणारी एक देवी आहे, लेखकाने मनाने रचलेली. मेगनने सांगितलेला भावार्थ असा: पलीकडच्या काठावर दोर मी धरलाय, तू निर्धास्त निघ. पहाटे आई गेली.

पुढे पेगन लोकांच्या मासिक बैठकीत, जी इथे बहुधा पबमध्ये भरते, तिने हे सांगितलं. तिथली एक ज्येष्ठ बाई हसून म्हणाली, ‘अगं, ती देवी खरी नाहीये. कादंबरीतली आहे ती.’

दुसऱ्या भेटीत मी हुशारी केली. मला या विषयातलं बरंच ठाऊक आहे आणि ते सांगायचा मोह मला आवरत नाही. मी तिला जेराल्ड गार्डनरची आठवण करून दिली. विक्का हा पेगनांमधला आधुनिक चेटूकविद्येचा पंथ लोकांपुढे आणणारा हा माणूस. चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला १९५१ मध्ये आणि गार्डनरचं ‘हे सगळं आजही चालतं’ असं उघड सांगणारं पुस्तक आलं १९५४ मध्ये. पण त्याआधी, १९४९ मध्येच, त्याने पंथातले विधी एका कादंबरीत घालून छापले होते. म्हणजे तुमच्या त्या ज्येष्ठ बाईंचा पंथही जगापुढे आधी कादंबरीतूनच आला! आमच्याच ब्रिस्टॉल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा पंथ विसाव्या शतकात कसा घडला, ते १९९९ च्या ग्रंथात सविस्तर मांडलंय आणि पुष्कळ पेगनांनी ते मोकळ्या मनाने मान्यही केलंय.

मला वाटलं, हिला केवढा दिलासा मिळेल. ती म्हणाली, ‘म्हणजे सगळंच खोटं. असं सरळ म्हणा ना.’

पुढची भेट तिने रद्द केली. माहिती चुकीची नव्हती, वेळ चुकली होती. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगते.

ती परत आली तेव्हा मी एकच प्रश्न विचारला.

‘आईचा हात धरून तू ते म्हणत होतीस, तेव्हा ही देवी खरी की रचलेली, असं मनात आलं होतं?’

‘नाही.’

‘मग कधी आलं?’

बराच वेळ गेला. ‘पबमध्ये,’ ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

तरी गाठ सुटली नव्हती. परक्याच्या एका टोमण्याने माणूस चार महिने झोपेला मुकत नाही. टोमणा जिथे लागतो तिथे आधीच दुखत असतं. सहाव्या भेटीला मी तिला ते पुस्तक घेऊन यायला सांगितलं. पाठीला चिकटपट्टी लावलेली, पानं पिवळी पडलेली जुनी प्रत. म्हटलं, वाच. ती वाचू लागली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तिचा आवाज बदलला. शब्दांना चढउतार आला, वाक्याच्या शेवटी हेल निघू लागला. मेगन वाढली ब्रिस्टॉलमध्ये, ती अशी बोलत नाही. मी मूळची कोल्हापूरची, पुण्याच्या कॉलेजात माझ्या हेलावरून यथेच्छ हसून घेतलेलं. त्यामुळे असेल, पण हेल माझ्या कानातून सुटत नाहीत.

‘थांब,’ मी म्हणाले. ‘हे आत्ता कुणी वाचलं?’

तिला कळेना. मग पुस्तक मांडीवर पालथं पडलं.

‘आईनं,’ ती म्हणाली. आई वेल्समधली. आठ वर्षांच्या मेगनला कांजिण्या आल्या होत्या, अंगाची आग होत होती, आणि आई रात्री उशाशी बसून हेच पुस्तक वाचून दाखवायची. तेच शब्द, तोच हेल. पुढे आई चॅपलला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात जाणारी आणि मुलगी पेगन झाली म्हणून दोघींमध्ये पंधरा वर्षं धुसफूस चालली. चॅपलला जाणाऱ्या आईच्या उशाशी आपण आपला धर्म नेऊन बसवला, हे मेगनला खात होतं. आणि तो ‘धर्म’ तर आईनेच तिला वाचून दाखवला होता.

‘म्हणजे मी तिचंच तिला परत दिलं,’ ती म्हणाली. मग ती रडली, जूनपासून राहून गेलेलं. मी टिशूचा डबाही पुढे केला नाही. अशा वेळी मधे काही करू नये, हे मी शिकले आहे.

मी डोनाल्ड विनिकॉट यांना मानणारी आहे, हे एव्हाना ओळखलं असेल. हे मूळचे मुलांचे डॉक्टर, पुढे मनोविश्लेषक. त्यांचं एक निरीक्षण माझ्या साऱ्या कामाच्या मुळाशी आहे. लहान मूल एखादी गोधडी किंवा फाटकं अस्वल उराशी धरतं. यातलं मनाने घडवलेलं किती आणि बाहेरून मिळालेलं किती, हे मोठ्यांनी त्याला विचारायचं नसतं, असा जणू अलिखित करारच असतो. कला आणि धर्म यांनाही विनिकॉट त्याच जागेत बसवतात. पबमधल्या बाईने हा करार मोडला, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या भेटीत मीही तेच केलं.

माझ्या आत्याची आठवण मला याच सुमारास आली. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ आला, लोक थिएटरच्या दाराशी चपला काढू लागले. आत्या सिनेमा पाहून आली आणि तिने शुक्रवार धरले. गूळ-फुटाण्यांचा प्रसाद, आंबट वर्ज्य. काका म्हणायचे, ‘सिनेमातली देवी!’ आत्या ऐकून घ्यायची आणि फुटाणे वाटायची.

आता ज्यांना मेगनसारखा प्रश्न पडतो त्यांच्यासाठी थोडं. एक म्हणजे, उगम लपवू नका. ‘ही ओळ अमक्या कादंबरीतली, मला ती आधार देते’ असं सरळ म्हणता येतं. ‘ही हजारो वर्षांची परंपरा आहे’ असं खोटं सांगितलंत तर तुम्हीच धास्तावून राहाल, कुणीतरी येऊन उघडं पाडेल म्हणून. दुसरं, पुस्तक वाचून मिटल्यावर तुम्ही कुठे जाता ते पाहा. मेगन नदीकाठी जायची, वृद्धाश्रमातल्या मरणासन्न म्हाताऱ्यांजवळ न घाबरता बसायची. पुस्तक तिला माणसांकडे पाठवत होतं. जे वाचून माणसं नकोशी होतात, घराबाहेर पडवत नाही, त्याची मला काळजी वाटते. आणि कथेतलं पात्र तुम्हाला हुकूम देऊ लागलं, औषधं बंद करायला सांगू लागलं, किंवा कुणी गुरू ‘या पुस्तकाचा गुप्त अर्थ फक्त मला कळतो’ म्हणून पैसे मागू लागला, तर अर्थ शोधणं बाजूला ठेवा. पहिल्या बाबतीत डॉक्टर गाठा, दुसऱ्या बाबतीत दरवाजा.

घरच्यांसाठी एवढंच: मुलगी पुस्तकातल्या देवीला दिवा लावत असेल तर ‘ती खरी आहे का?’ विचारू नका. ‘तिचं काय आवडतं तुला?’ असं विचारा. उत्तर ऐकून तुमच्या लेकीबद्दल काहीतरी नवं कळेल.

सहावी भेट नोव्हेंबरच्या अखेरीस झाली, म्हणजे साविन उलटून गेला होता. मेगनने डिसेंबरमध्ये, आईच्या वाढदिवसाला पान वाढलं. वेल्श केक केले, चॅपलमधलं एक स्तोत्र लावलं आणि मग त्या ओळी वाचल्या, पुस्तक हातात धरून. त्या बैठकीला मात्र ती परत गेली नाही; दुसरी शोधली. अजून कधी कधी तिला त्या बाईचं हसू आठवतं, असं शेवटच्या भेटीत म्हणाली.

आत्याची गोष्ट मी तिला त्याच दिवशी सांगितली. निघताना दारात थांबून तिने विचारलं, ‘मग आत्यांनी पुढे ते शुक्रवार सोडले का हो?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘शेवटपर्यंत शुक्रवारी लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही तिने.’