मुलगी ही ‘घरगुती अडचण’ नव्हे

‘बायकोची बाळंतपणाची रजा दीड महिन्यात संपते. मला काही महिने अर्धवेळ काम मागायचं आहे. पण मागितलं तर माझं कामावरून मन उडालं, असं साहेबांना वाटेल का?’ हा प्रश्न घेऊन तरुण बाप आता माझ्याकडे सल्ल्यासाठी वरचेवर येतात. त्यांतल्या एकाची ही गोष्ट त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

तो राहायला गोव्यातल्या फोंड्यात, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात. पाळ्या तीन, दर आठवड्याला बदलणाऱ्या. पत्नी खासगी बँकेत. तिच्या २६ आठवड्यांच्या रजेतला महिना प्रसूतीआधीच गेला होता, म्हणजे मुलगी पाच महिन्यांची झाली की तिला कामावर जाणं भाग होतं. त्याला स्वतःला दहा दिवस मिळाले होते, तेही कंपनीच्या मर्जीनं. त्याची आई सत्तरीत. गावचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि दोन गायी टाकून ती फोंड्याला किती दिवस राहणार?

पहिल्या भेटीत तो बराच वेळ कायद्याबद्दलच बोलला. इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या शाळासोबत्यानं त्याला सांगितलं होतं, की तिकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाची वेळ बदलून मागता येते, बायकांना आणि पुरुषांनाही. ते खरं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून तसा नियम आहे आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. मात्र तिथेही हक्क आहे तो मागण्याचा. धंद्याचं कारण देऊन मालक नाही म्हणू शकतो. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनं आईची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, आणि काम तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची वाट तिला मिळाली. खासगी नोकरीतल्या बापासाठी त्यात काहीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस पितृत्व रजा असते. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं, कारण खोट्या आशेवर अर्ज केला की नकार फार जिव्हारी लागतो.

मग त्यानं अर्जाचा मसुदा दाखवला. पहिलीच ओळ होती, ‘काही घरगुती अडचणींमुळे...’

‘मुलगी अडचण आहे का हो?’ मी विचारलं.

तो गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘तसं नाही मॅडम. नाइट करून येतो नि झोपतो. उठतो तेव्हा ती झोपलेली असते. माझ्याकडे दिली की रडते, बायकोकडे गेली की थांबते. मला ते बघवत नाही.’

बायकोला मदत व्हावी म्हणून वेळ मागतोय, असं तो सगळ्यांना सांगत होता. वेळ त्याला स्वतःला हवा होता. पण तसं म्हटलं तर पाळीवरचे लोक बायल्या म्हणतील, ही भीती होती. तिला मी क्षुल्लक म्हणणार नाही. घराच्या हप्त्यासाठी ओव्हरटाइम मागणाऱ्या पुरुषाला कुणी हसत नाही, लेकरासाठी दोन तास मागणाऱ्याला हसतात. मला याचा खरोखर राग येतो.

त्याला सांगितलं, घरी दोघं बसा आणि मुलगी कुठल्या तासाला कुणाकडे असेल ते आठवडाभराचं कागदावर लिहा. पुढच्या भेटीत तो कागद घेऊन आला तेव्हा मागणीच बदललेली होती. अर्ध्या पगारात हप्ता निघत नव्हता, आणि मूळ पगार घटला की पीएफही घटणार होता. खरी अडचण तासांची नव्हतीच. पाळी दर आठवड्याला बदलते म्हणून सांभाळायला कुणी बाई मिळत नव्हती. पाहिजे होती ती ठरलेली वेळ.

नवा अर्ज पानभराचाच झाला. ‘माझी मुलगी पाच महिन्यांची आहे आणि तिच्या संगोपनात मला वाटा उचलायचा आहे’ ही त्याची पहिली ओळ. त्यानंतर मागणी : सहा महिने फक्त पहिली पाळी आणि बुधवारी घरून काम. त्याच्या रात्रपाळ्या कोण करणार, हेही त्यानं लिहिलं. दोन ख्रिस्ती सहकारी तयार झाले होते. बदल्यात नाताळच्या आठवड्यातल्या त्यांच्या पाळ्या हा करणार होता. माझ्या मते साहेबांना पटलं ते हेच, कारण पाळ्यांचा भोक पडलेला तक्ता त्यांच्या हातात आला नाही. बुधवारची मागणी फेटाळली गेली. बॅचचे कागद कारखान्याबाहेर नेता येत नाहीत, हे कारण रास्तच होतं. पहिली पाळी मिळाली. होकार तोंडी होता. तारखांसकट ईमेलवर घ्या, असा मी आग्रह धरला.

आता तो पहाटे कंपनीच्या बसनं बोरीच्या पुलावरून जातो आणि चारच्या सुमारास घरी असतो. तोवर शेजारच्या मावशी मुलीला बघतात. त्यानंतर ती त्याची. तिला नाचणीचं सत्त्व तोच भरवतो.

दरम्यान बढतीची यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. पाळीमुळे की आणखी कशामुळे, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते त्याला सलतं, आणि त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. सहा महिने पुढच्या महिन्यात संपतात. मुदत वाढवून मागायचा मसुदा या वेळी नवरा-बायको दोघांनी मिळून लिहिला आहे.